मेण, वात आणि भांडं

सोयाबीनच्या तेलापासून मेणबत्ती होते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नवल वाटतं. खरं तर त्यामागची प्रक्रिया आपल्या घरांत केव्हाच येऊन गेली आहे. मुंबईत शिवडीच्या कारखान्यात १९३२ साली वनस्पती तूप तयार होऊ लागलं, १९३७ मध्ये ‘डालडा’ हे नाव आलं आणि पिवळ्या डब्यावरचं हिरवं झाड घरोघरी पोचलं. गरम तेलात, निकेलच्या सान्निध्यात, दाबाखाली हायड्रोजन सोडला की पातळ तेल घट्ट होतं. हायड्रोजन किती मुरू द्यायचा यावर ते किती घट्ट व्हावं हेही ठरवता येतं. स्वयंपाकासाठी ते मऊसर ठेवलं, मेणबत्तीसाठी आणखी थोडं पुढे नेलं, एवढंच. सोया मेण हे वनस्पती तुपाच्याच कुळातलं आहे हे एकदा ध्यानात आलं, की त्याच्या बऱ्याच खोडी आपोआप समजू लागतात.

हे पुस्तक घरच्या घरी काचेच्या ग्लासात किंवा पत्र्याच्या डबीत ओतायच्या सोया मेणबत्त्यांबद्दल आहे. ते हातात घेणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: सोया मेण कुठलं चांगलं? या प्रश्नाचं सुटं उत्तर देता येत नाही, असं माझं ठाम मत आहे, आणि ते का देता येत नाही हे नीट मांडण्यासाठीच हे पुस्तक लिहिलं. मेण, वात, भांडं, सुगंध आणि ज्या खोलीत ती मेणबत्ती जळणार तिथली हवा या पाचांचा मेळ बसवावा लागतो. त्यातलं एक बदललं की बाकीच्या चारांची पुन्हा तपासणी आली.

आधी मेणाकडे पाहू. सोयाबीनच्या दाण्यात साधारण १८ ते २० टक्के तेल असतं. त्या तेलात सुमारे निम्मा वाटा लिनोलिक आम्लाचा आणि पाव वाटा ओलेइक आम्लाचा. ही दोन्ही असंपृक्त, म्हणून तेल पातळ राहतं. हायड्रोजन पूर्ण मुरवला तर जवळजवळ सगळ्याचं स्टिअरिक आम्ल होतं आणि हाती येतात सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास वितळणारे कडक, ठिसूळ पापुद्रे. नुसते तेच ग्लासात ओतले तर मेण आकसतं, तडकतं, काचेपासून सुटतं. म्हणून ग्लासात ओतायच्या मेणात हायड्रोजनीकरण अर्ध्यावर थांबवतात, किंवा कडक भागात मऊ भाग मिसळतात. अशी मेणं साधारण ४५ ते ५२ अंशांत वितळतात. साच्यातून काढायच्या खांबासारख्या मेणबत्त्यांसाठीची सोया मेणं याहून कडक असतात. पिशवीवर ‘सोया वॅक्स’ एवढीच अक्षरं असली तर आत यांपैकी नेमकं काय आहे ते कळत नाही. गोल्डन ब्रँड्सचं ‘४६४’ हे हौशी लोकांमध्ये फार चालणारं अमेरिकी मेण घ्या. ते ४६ ते ४९ अंशांत वितळतं. अमेरिकेतल्या वीस-बावीस अंशांच्या दिवाणखान्यात ते उत्तम वागतं. मे महिन्यातल्या अकोल्यात किंवा परभणीत, पारा त्रेचाळीसच्या वर गेल्यावर, तेच मेण कपाटात ठेवल्या ठेवल्या लोण्यासारखं होतं आणि त्याला पृष्ठभागावर सुगंधतेलाचा घाम सुटतो. बंद कुरिअरच्या गाडीत काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

मेणबत्तीचा इतिहास म्हणजे जळायला बरी अशी चरबी शोधण्याचा इतिहास. मधमाशीचं मेण उत्तम होतं. ते ६२ ते ६४ अंशांपर्यंत टिकतं, मंद सुवासही देतं, पण कायम महाग. युरोपातल्या सामान्य घरांत जनावरांच्या चरबीच्या बत्त्या जळायच्या. धूर, घाण वास आणि सतत कातरावी लागणारी वात ही त्यांची ओळख. हे चित्र बदललं ते फ्रान्समध्ये. मिशेल युजेन शेव्रल यांनी चरबीची घडण उलगडली. चरबी म्हणजे ग्लिसरीनला जोडलेली तीन स्निग्ध आम्लं, हे त्यांच्या १८२३ च्या ग्रंथातून स्पष्ट झालं. मग १८२५ मध्ये त्यांनी गे-ल्युसॅक यांच्यासह एक पेटंट घेतलं: ग्लिसरीन काढून टाकायचं आणि उरलेल्या घट्ट आम्लांच्या मेणबत्त्या करायच्या. या स्टिअरिनच्या मेणबत्त्या कडक होत्या, उजळ जळत आणि त्यांना घाण वास नसे. त्याच सुमारास कांबासेरेस यांनी वेणीसारखी विणलेली वात आणली. जळताना ती एका बाजूला वाकते, तिचं टोक ज्योतीच्या बाहेरच्या तप्त कडेला येतं आणि तिथेच जळून संपतं. वात सारखी कातरण्याच्या कटकटीतून माणसाची सुटका या एका वाकण्याने केली. आजही आपण विकत आणतो त्या बहुतेक कापसाच्या वातींचं तत्त्व हेच आहे.

वनस्पतीजन्य मेणबत्ती ही आजची टूम आहे असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. लंडनच्या प्राइसेस कंपनीने एकोणिसाव्या शतकातच सिलोनच्या नारळाचं आणि पुढे पश्चिम आफ्रिकेतलं पामचं तेल मेणबत्त्यांसाठी वापरलं. पण १८५० मध्ये जेम्स यंग यांनी कोळशापासून पॅराफिन काढण्याचं पेटंट घेतलं, त्यानंतर खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून ते ढिगाने मिळू लागलं आणि बाकीची मेणं मागे पडली. आपल्याकडे आसाममधल्या दिग्बोईचं पॅराफिन हे मेणबत्ती करणाऱ्यांच्या ओळखीचं. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत नवसाचे मेणाचे हात, पाय, घरं विकायला असतात. असं साच्यातलं स्वस्त, कडक काम पॅराफिनशिवाय जमणं कठीण, आणि त्यासाठी सोया मेण घ्यावं असं मीही कुणाला सुचवणार नाही.

सोयाकडे वळण्यापूर्वी आणखी एक दुवा सांगायला हवा. सिनसिनाटीत मेणबत्त्या करणारा विल्यम प्रॉक्टर आणि साबण करणारा जेम्स गॅम्बल हे साडू. त्यांनी १८३७ मध्ये एकत्र धंदा काढला. विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये जर्मनीत तेल घट्ट करण्याचं पेटंट घेतलं, आणि १९११ मध्ये प्रॉक्टर-गॅम्बलच्या कंपनीने सरकीच्या तेलाचं ‘क्रिस्को’ बाजारात आणलं. तोवर विजेच्या दिव्यांनी मेणबत्तीचा बाजार खाल्ला होता. मेणबत्ती करणाऱ्यांच्या घराण्यातून निघालेलं घट्ट तेल अशा रीतीने चुलीकडे गेलं. तिथून ते पुन्हा वातीकडे वळायला ऐंशी वर्षं लागली. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मायकेल रिचर्ड्स मधमाशीच्या मेणाला स्वस्त पर्याय शोधत होते. सोयाबीन तिथलं मुख्य पीक, आणि तेलाला नवे उपयोग शेतकऱ्यांनाही हवेच होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सोया मेण सिद्ध केलं आणि या मेणबत्तीचं श्रेय सहसा त्यांनाच दिलं जातं. पुढे कारगिलसारख्या मोठ्या कंपन्या त्यात उतरल्या आणि दहा-पंधरा वर्षांत घरी मेणबत्त्या करणाऱ्यांचं ते पहिल्या पसंतीचं मेण झालं.

यात एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि ती फारशी कुणी सांगत नाही. शेव्रल यांनी जे ग्लिसरीन मेणबत्तीतून बाहेर काढलं, ते सोया मेणात परत आलं आहे. हायड्रोजनीकरणात तेल घट्ट होतं, पण त्याचा रेणू फुटत नाही. तीन आम्लं ग्लिसरीनला धरूनच राहतात. म्हणजे घडणीच्या दृष्टीने सोया मेण पॅराफिनपेक्षा जुन्या चरबीच्या बत्तीला जवळचं आहे. फरक असा की ते शुद्ध केलेलं, वास काढलेलं आणि हव्या तितक्या घट्टपणावर आणलेलं असतं. याचे परिणाम रोजच्या कामात दिसतात. मेणबत्तीत जळते ती मेणाची वाफ, हे मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानांत मुलांना ज्योतीच्या पोटातून वाफ नळीने बाहेर काढून, ती पेटवून दाखवलं होतं. पॅराफिनचे सडपातळ रेणू सहज वाफ होतात. सोया मेणाचा रेणू त्यांच्या दुपटीहूनही मोठा असू शकतो. तो आधी वातीच्या उष्णतेने तुटावा लागतो, मगच जळतो. शिवाय वितळलेलं सोया मेण दाट असतं, वातीतून सावकाश चढतं. त्यामुळे पॅराफिनच्या मेणबत्तीतली वात तशीच्या तशी सोयात घातली तर ज्योत बारीक राहते, मेण मधोमध खड्डा करत खाली जातं आणि कडेचं तसंच चिकटून राहतं. ‘मेण खराब निघालं’ ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते. बिचाऱ्या मेणाचा त्यात काही दोष नसतो.

दुसरी नेहमीची तक्रार पांढऱ्या डागांची. मेणबत्ती छान गुळगुळीत जमते आणि आठवड्याभरात तिच्यावर बुरशीसारखी नक्षी उठते. रंग घातला असेल तर ती जास्तच डोळ्यांत भरते. साजूक तूप सावकाश निवलं की रवाळ होतं, तसाच हा प्रकार आहे. स्निग्ध पदार्थ एकाहून अधिक प्रकारचे स्फटिक धरू शकतात. झटकन थिजताना ते घाईचे, अस्थिर स्फटिक धरतात आणि नंतर हळूहळू अधिक स्थिर, मोठ्या स्फटिकांकडे सरकतात. सोया मेणाचा कल तिकडे विशेष आहे. डागांमुळे जळण्यात काही बिघडत नाही. ज्यांना ते नकोच असतील त्यांनी मेण बिनरंगी ठेवावं, हा माझा सरळ सल्ला आहे. स्फटिकांच्या याच सरकण्याशी ‘मुरवणं’ जोडलेलं आहे. ओतलेली मेणबत्ती एक-दोन आठवडे झाकून ठेवली की तिचा सुगंध अधिक चांगला येतो, असा करणाऱ्यांचा सर्वदूर अनुभव आहे.

या क्षेत्रात काही घराणी पडली आहेत. एकांचा आग्रह निव्वळ सोयाचा, त्यात दुसरं काही मिसळायचं नाही. दुसरे नारळाचं मेण, मधमाशीचं मेण किंवा थोडं पॅराफिन मिसळतात; पृष्ठभाग सुबक येतो, सुगंध दूरवर पोचतो आणि उन्हाळ्यात टिकावही वाढतो. ओतण्याबद्दलही दोन तट आहेत. काही जण ६५ ते ७० अंशांवर गरम ओततात, काही जण मेण धुरकट, दाटसर होईपर्यंत थांबतात. वातीत कापसाच्या वेणीवाले आणि लाकडी पट्टीवाले असे पंथ आहेत. यांपैकी ओतण्याच्या वादात मला फारसा अर्थ दिसत नाही, कारण योग्य तापमान मेणागणिक आणि ऋतूगणिक बदलतं. मिश्रणाच्या वादात मात्र माझं मत स्पष्ट आहे. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात विकायची मेणबत्ती निव्वळ मऊ सोयाची असू नये. मधमाशीचं किंवा कडक सोया मेण थोडं मिसळावं आणि लेबलवर तसं प्रामाणिकपणे लिहावं.

प्रामाणिकपणाचा विषय निघालाच आहे तर सोयाभोवतीच्या दाव्यांबद्दलही बोलायला हवं. ‘सोया काजळी धरत नाही’, ‘पॅराफिन विषारी, सोया निर्मळ’ अशी वाक्यं जाहिरातींत सर्रास असतात. वात लांब ठेवली किंवा ज्योत वाऱ्यावर हलली तर कुठलीही मेणबत्ती काजळी धरते. युरोपात २००७ मध्ये मेणबत्ती उद्योगाच्याच खर्चाने पॅराफिन, सोया, स्टिअरिन, पाम आणि मधमाशीच्या मेणाच्या चाचण्या झाल्या, तेव्हा त्यांच्या ज्वलनात लक्षणीय फरक आढळला नाही. २००९ मध्ये साउथ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी पॅराफिनमधून घातक वायू निघत असल्याचं सांगितलं आणि त्यावर वाद झाला. सोयाच्या बाजूने सांगण्यासारख्या खऱ्या गोष्टी पुरेशा आहेत: ते पिकातून येतं, कमी तापमानाला काम होतं, भांडं गरम पाण्याने आणि साबणाने निघतं, सावकाश जळतं. त्यांत खोट्याची भर कशाला? दुसरा गैरसमज शेतीबद्दलचा. सोया मेण घेतलं की लातूर-वाशिमच्या शेतकऱ्याला हातभार लागतो, असं समीकरण मांडता येत नाही. आपल्याकडचा दाणा प्रामुख्याने पेंड आणि खाद्यतेलासाठी जातो, देशाला सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलहून आयातही करावं लागतं, आणि मेणाच्या पिशवीवर दाणा कुठला हे क्वचितच लिहिलेलं असतं.

मग हे पुस्तक आत्ता का? २०२० च्या टाळेबंदीपासून घरी मेणबत्त्या करणाऱ्यांची संख्या डोळ्यांदेखत वाढली. दिवाळीच्या भेटवस्तूंत, रुखवतात, बचत गटांच्या प्रदर्शनांत काचेच्या ग्लासातली सुगंधी मेणबत्ती दिसू लागली. या सगळ्यांना मिळणारी माहिती मात्र बहुतेक परदेशी खोल्यांसाठी लिहिलेली असते: फॅरनहाइटमध्ये, औंसांत आणि पंखा नसलेल्या घरांसाठी. आपल्या घरात डोक्यावर पंखा असतो, खिडक्या उघड्या असतात, कोकणात हवा दमट असते, साडीचा पदर आणि ओढणी वावरत असते. करणारीला विचारायला जवळ कुणी नसतं, आणि वस्तू तर पेटवायची असते. ही चिंता माझ्या मनात प्रत्येक पान लिहिताना होती.

भांड्यांचंच पाहा. कटिंग चहाचा ग्लास दिसायला लोभस, पण तो खाली निमुळता होतो. मेण तळाकडे गेलं की ज्योत काचेच्या जवळ येते, आणि वरच्या रुंदीला बेतलेली वात तळाला काच प्रमाणाबाहेर तापवते. मातीचं कच्चं कुल्हड तेल शोषून घेतं, बाहेरून ओलसर होतं आणि पुढे स्वतःच वातीसारखं वागू शकतं. नारळाची करवंटी तर जळणारीच वस्तू आहे. तडा गेलेला किंवा पातळ, शोभेचा ग्लास वापरू नये. अमेरिकेत मेणबत्तीच्या काचपात्रांसाठी, लेबलांसाठी आणि आगीपासूनच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र मानकं आहेत आणि शिशाच्या तारेची वात तिथे २००३ पासून बंद आहे. हे नियम आपल्या स्वयंपाकघराला बांधील नसले तरी त्यांमागची कारणं इथेही तेवढीच खरी आहेत.

काम किती बारकाईचं आहे याची कल्पना यावी म्हणून एकच उदाहरण. ओतायच्या रेषेपर्यंत २०० ग्रॅम पाणी मावणाऱ्या ग्लासात सोया मेण साधारण १७३ ग्रॅम बसतं, कारण ते पाण्याहून हलकं. मेणाच्या आठ टक्के सुगंध घालायचा असेल तर १६० ग्रॅम मेण आणि १२.८ ग्रॅम सुगंधतेल. चमच्याने मोजून हे होत नाही. दशांश दाखवणारा वजनकाटा आणि थर्मामीटर ही पहिली खरेदी. मेण थेट गॅसवर न ठेवता गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावं, ८० ते ८५ अंशांवर तेल घालावं, दोन मिनिटं सावकाश ढवळावं. मुरल्यावर खरी परीक्षा. वात ५ ते ६ मिलिमीटर ठेवून पेटवायची, पंखा बंद करायचा, आणि तीन-चार तास समोर बसून पाहायचं. वितळलेलं मेण कडेपर्यंत पोचलं का, त्याची खोली सेंटिमीटरभराच्या पुढे गेली का, वातीच्या टोकाला काजळीची गाठ धरली का, ग्लास हात लावता येणार नाही इतका तापला का, हे वहीत टिपायचं. विझवून, पूर्ण थंड करून पुन्हा तेच. असं करत तळाशी सेंटिमीटरभर मेण उरेपर्यंत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वात बदलली तर मेण, ग्लास, तेल तेच ठेवायचं.

पुढच्या पानांत मी कृतींची यादी दिलेली नाही. मेणाचं वागणं, वातीची निवड, भांड्याची पारख, सुगंधाचं प्रमाण आणि चाचणीची पद्धत या क्रमाने वाचकाला अशा ठिकाणी न्यायचा प्रयत्न आहे, की अनोळखी मेणाची पिशवी समोर आली तरी काय विचारायचं आणि काय तपासायचं हे कळावं. मापं सगळी ग्रॅममध्ये आणि सेल्सिअसमध्ये आहेत. कोकण, पुणे-नाशिक आणि विदर्भ-मराठवाडा अशा तीन हवामानांचा विचार वेगवेगळा केला आहे. विक्रेत्यांची नावं आणि किमती मुद्दाम टाळल्या, कारण त्या बदलत राहतात, आणि एकाच नावाच्या मेणाची दुसरी खेपही थोडी वेगळी निघू शकते. सुगंधतेलांच्या औषधी गुणांबद्दल इथे काही नाही. तो माझा विषय नव्हे. साच्यातल्या मेणबत्त्याही बाहेर ठेवल्या आहेत, त्यांना वेगळं मेण आणि वेगळं पुस्तक लागेल. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी चाचणीचा कोरा तक्ता जोडला आहे. तो पेन्सिलीने भरावा, म्हणजे नवी पिशवी आली की खोडून पुन्हा वापरता येईल.